साडेपाचची गाडी आणि आमचा अमृत महोत्सव

"बाई, सावित्रीबाई निघाल्या!"

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी शाळेच्या सभागृहाच्या खिडकीतून एक मुलगी ओरडली आणि बाकीच्या सगळ्या खो खो हसत सुटल्या. मी मात्र कपाळाला हात लावला. नाटकाचा पहिला प्रवेश कुठं नुकता रंगात येत होता. शेणगोळे मारणारे टवाळ लोक हात उगारून जागेवर तयार, आणि ज्यांच्यावर ते मारायचे त्या सावित्रीबाई दप्तर पाठीला लावून फाटकातून एस.टी. स्टँडच्या दिशेनं पळत सुटलेल्या! सव्वापाच वाजून गेले होते आणि साडेपाचची गाडी काही कुणासाठी थांबत नाही.

पण हे असं मधूनच सांगून चालायचं नाही. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कित्येकींच्या मुली शाळेत जात असतील. संमेलनाच्या दिवसांत घरात काय धांदल असते ते मी तुम्हांला काय सांगणार! रात्री दहा वाजता "आई, उद्या पिवळी ओढणी हवीय गं" असं ऐकलं नाही अशी आई विरळाच. मी हा सोहळा दोन्ही बाजूंनी पाहते. घरी एक मुलगी, एक मुलगा, सासूबाई आणि आमचे 'हे' असा संसार आहे आणि तो सांभाळून मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या मुलींच्या शाळेत तासाप्रमाणे शिकवायला जाते. मराठी घेऊन बी. ए. झाले, लगेच लग्न झालं आणि बी. एड्. राहिलं ते राहिलंच. त्यामुळे आठवड्याचे बारा तास आणि तेवढ्याचेच पैसे. गंमत अशी की संमेलन जवळ आलं की कायमच्या शिक्षिकांपेक्षा आम्हां अर्धवेळवाल्यांकडेच जास्त वेळ आहे असं सर्वांना एकदम वाटू लागतं. इतर शाळांतूनही हाच अनुभव असावा!

यंदा तर शाळेचा अमृत महोत्सव. २०२४ च्या दिवाळीनंतर शाळा उघडल्या उघडल्या सभा झाली. ७५ मुलींचं लेझीम, माजी विद्यार्थिनींचा मेळावा, हस्तकलेचं प्रदर्शन आणि विक्री, पाककृतींची स्पर्धा, स्मरणिका, आणि १८ जानेवारीला संध्याकाळी मुख्य समारंभ, अशी भली मोठी यादी फळ्यावर तयार झाली. पण नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती आणि निम्म्या शिक्षिका त्या कामाला जुंपलेल्या. दहावीच्या मुलींची बोर्डाची परीक्षा २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीलाच सुरू होणार होती, म्हणून त्यांना कशातच घ्यायचं नाही असं ठरलं. असं होता होता खऱ्या तालमी सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. शाळा अकरा ते पाच, तेव्हा तालमी सव्वापाच ते साडेसहा. कुणी फारसा विचारही केला नाही, कारण आजवर तसंच चालत आलेलं.

माझ्या वाट्याला नाटक आलं. मुलींच्या शिक्षणाची कहाणी प्रवेशा-प्रवेशांतून दाखवायची, ते मीच लिहावं, असा मोठ्या बाईंचा आग्रह. (आमच्या मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो.) रात्री स्वयंपाकघर आवरलं की मी पुस्तकं घेऊन बसायची. खरं सांगू का? बी. ए. होऊनही यातलं कितीतरी मला माहीत नव्हतं. १ जानेवारी १८४८ ला पुण्याच्या बुधवार पेठेत भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली हे आपण शाळेपासून पाठ करतो. परंतु त्याच फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग समाजातल्या मुलीनं लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला होता, आणि आपल्या माणसांची दुःखं तिनं त्यात न भिता मांडली होती, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आठवी-नववीच्या मुलींना मी ते सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "बाई, ती आमच्याएवढी होती?" मी म्हटलं, होय, बहुधा तुमच्याहून लहानच.

मग पुढचा प्रवेश हुजूरपागेचा. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची ती जागा, तिथं २९ सप्टेंबर १८८४ ला मुलींचं हायस्कूल सुरू झालं. त्याआधीची एक हकीकत रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर होते. पुण्यात सभा भरली आणि मुलींसाठी हायस्कूल हवं अशी मागणी करणारं इंग्रजी भाषण रमाबाईंनी भर सभेत वाचून दाखवलं. सभेत कौतुक झालं खरं, पण घरी आल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी कोण बोलणी ऐकवली! हा प्रसंग मुलींना फारच आवडला. घरातल्या बायकांच्या भूमिकेसाठी तर भांडणं लागली, कारण मनसोक्त बोलायला मिळतं ना! त्यापुढे हिंगण्याचा प्रवेश. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी आपला आश्रम शहराबाहेर हिंगण्याला नेला. स्वतः फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे आणि ते काम उरकून चिखलातून, काट्याकुट्यांतून पायी हिंगण्याला जायचे.

तर या नाटकातल्या सावित्रीबाई. नववीतली मुलगी, सावळी, उंच, अंगानं किडकिडीत. नाव मुद्दामच देत नाही. वर्गात कधी हात वर करणार नाही, पण उभं करून धडा वाचायला सांगितला तर शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचावा असा खणखणीत आवाज. पहिल्याच दिवशी तिची निवड करून मी मोकळी झाले. पण ती रोज सव्वापाचला घड्याळाकडे बघू लागायची आणि वीस मिनिटांच्या आत पसार. आठवडाभर मी बोलले नाही. मग ती खिडकीतली आरोळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या देखत तिला बोलले, "इतक्या सगळ्यांना जमतं, तुलाच तेवढं कसं जमत नाही? शिस्त नको का काही? उद्यापासून येऊ नकोस."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीच्या दारात आली आणि संवादांची वही माझ्या हातात दिली. वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. आत तिच्या वाक्याच्या आधी येणारी दुसऱ्यांची वाक्यं लाल पेनानं खुणा करून ठेवलेली. म्हणाली, "जिला घेणार तिला लवकर पाठ होईल, बाई."

काय वाटलं असेल मला! तिला आत बोलावून बसवलं तेव्हा कुठं एकेक गोष्ट बाहेर आली. साडेपाचची गाडी गेली की त्या बाजूची पुढची पावणेआठला. फाट्यावर उतरायला सव्वाआठ होतात आणि तिथून आत दोन किलोमीटर चालत जायचं. दप्तरात तिनं कायम बॅटरी ठेवलेली असते, ती मला दाखवली. एकदा ऑक्टोबरात गाडी बंद पडली होती, त्या दिवशी घरी पोचायला नऊ झाले. तेव्हा वडील म्हणाले होते, "पुन्हा असं झालं तर दहावी-बिहावी काही नाही, शाळा बंद." एवढं सांगून ती उठली, कारण मधल्या सुट्टीची घंटा झाली होती.

त्या शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी तिच्याच गाडीत बसून फाट्यापर्यंत जाऊन आले. उगीच, बघायला म्हणून. फाट्यावर एक वीटभट्टी, एक पंक्चरचं दुकान, आणि त्याला लागून परमिट रूम. दुपारी दोनलाच बाहेरच्या खुर्च्यांवर चार माणसं बसलेली. पुढचा रस्ता उसातून. दिव्याचा एकही खांब मला दिसला नाही. परत येताना मी तिच्या वडिलांवर मनातल्या मनात जो राग धरला होता, तो बराच निवळला. माझी मुलगी सहावीत आहे. त्या रस्त्यानं रात्री सव्वाआठला मी तिला एकटी येऊ दिली असती का?

सोमवारी लेझमाच्या यादीचं काम आलं. प्रमाणपत्रांवर नाव आणि गाव घालायचं होतं. यादी करता करता लक्षात आलं, की ७५ पैकी ६८ मुली गावातल्याच, आणि उरलेल्या सातजणींचं कुणी ना कुणी गाडी घेऊन न्यायला येणारं. शाळेत तर निम्म्याहून जास्त मुली वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या! सरकारनं अहिल्याबाई होळकर योजनेतून त्यांना एस.टी.चा पास मोफत दिला म्हणून त्या येतात. पण पास साडेपाचच्या गाडीपर्यंतच कामाचा, आणि आमचा अमृत महोत्सव सव्वापाचला सुरू होणारा. मुद्दाम कुणी वगळलं नव्हतं. नुसती वेळ ठरवली होती.

आणि पाहा, त्याच रात्री माझ्या हुजूरपागेच्या टिपणांत वेळेचीच भानगड निघाली. शाळेची वेळ अकरा ते पाच ठेवली म्हणून टिळकांच्या 'मराठा' पत्रातून त्या काळी कडक टीका झाली होती. मुलींना, त्यातून लग्न झालेल्या मुलींना, घरची कामं असतात. सकाळी किंवा दुपारी दोन-तीन तासांची शाळा त्यांना पुष्कळ झाली, असा एकंदर सूर. सव्वाशे वर्षांहून जुना तो वाद वाचताना मला हसू आलं खरं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

हे सगळं मी रात्री लसूण सोलता सोलता सासूबाईंना सांगत होते. त्या स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या, वर्गात पहिल्या. हायस्कूल चार मैलांवर आणि वाटेत ओढा, म्हणून तिथंच शिक्षण थांबलं. याबद्दल त्या कधी कुरकुर करत नाहीत, पण मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही करायची म्हटली की चष्मा पुसून दोनदा वाचतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जायची गाडी कळली. पण त्या पोरी येतात किती वाजता?"

"साडेनऊला. त्यांना सकाळची तेवढी एकच गाडी आहे."

"मग अकरापर्यंत करतात काय?"

मला सांगता येईना. चार वर्षं त्या शाळेत जातेय, पण मी पोचते ती पावणेअकराला!

दुसऱ्या दिवशी साडेनऊला गेले. शाळेला कुलूप. शिपाई साडेदहाला येऊन दार उघडतो. फाटकातून आत, पायऱ्यांवर आणि कडुलिंबाखाली साठ-सत्तर मुली बसलेल्या. कुणी गृहपाठ करतंय, कुणी सागरगोटे खेळतंय, कुणी धाकट्या बहिणीची वेणी घालतंय. दोघी-तिघी डबा उघडून बसल्या होत्या, कारण घरून साडेआठला निघालेल्या. बरं, आठवीपर्यंतच्यांना शाळेत दुपारचा आहार तरी मिळतो. नववी-दहावीच्यांना तोही नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शौचालयांनाही कुलूप. रोजचा तासभर, वर्षानुवर्षं! एका मुलीनं सांगितलं, "आम्ही सकाळी पाणीच पीत नाही, बाई."

हे मोठ्या बाईंना सांगताना माझा आवाज जरा चढलाच. तासाप्रमाणे पैसे घेणाऱ्या बाईचा आवाज चढावा हे आमच्याकडे बसत नाही. पण त्या शांतपणे ऐकत राहिल्या, मग खणातून सभागृहाच्या आणि शौचालयाच्या किल्ल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाल्या, "तालमी सकाळी घ्या. मात्र उघडायला तुम्हांलाच यावं लागेल."

आता माझी खरी परीक्षा होती. सकाळी साडेनऊला शाळेत पोचायचं म्हणजे घरातून सव्वानऊला निघायचं, आणि नेमकी तीच आपणा बायकांची ऐन घाईची वेळ. तुम्हांला उपयोग होईल म्हणून सांगते, काय काय केलं. कणीक रात्रीच मळून, वरून तेलाचं बोट फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी दहा मिनिटं आधी बाहेर काढली की पोळ्या मऊ होतात. भाजी रात्रीच चिरून ठेवायची. वांगं-बटाटा मात्र नाही, ते काळं पडतं. आठवड्यातून दोन दिवस मोड आलेली मटकी. डबे भरायचं काम ह्यांच्याकडे दिलं. पहिल्या दिवशी मुलाच्या डब्यात नुसता भात आणि मुलीच्या डब्यात नुसतं वरण गेलं, पण तिसऱ्या दिवसापासून बिनचूक. ही व्यवस्था अजून चालू आहे, मी मोडू दिलेली नाही.

तालमीच्या मुलींना काही खायला हवं, म्हणून शेंगदाण्याचे लाडू केले. दीड किलो दाणे खमंग भाजून, सालं पाखडून, जाडसर कूट करायचं. त्यात एक किलो चिरलेला गूळ आणि चमचाभर सुंठपूड घालून पुन्हा एकदा मिक्सरमधून फिरवलं की दाण्याचं तेल सुटतं आणि लाडू नुसत्या हातानं वळतात. लहान लिंबाएवढे केले तर पंचाहत्तर मुलींना एकेक होऊन चार-सहा उरतात. गृहशास्त्राच्या बाईंनी आणि मी आळीपाळीनं हे केलं, पैसे शिक्षक निधीतून आले.

सगळं असं गोडच झालं असं मात्र समजू नका. खेळाच्या बाई नाराज झाल्या. त्यांचं म्हणणं बसलेलं लेझीम मोडून पुन्हा नव्या मुलींना 'चार आवाज'पासून शिकवायला वेळ आहे कुठं? त्यांचं चुकत होतं असंही नाही. गावातल्या काही मुलींची सकाळी दहापर्यंत शिकवणी असायची. आणि एक आई तर तावातावानं शाळेत आली. आठवीतली मुलगी. बाईंचं म्हणणं, "सकाळी ही इकडे आली तर तिच्या भावाचा डबा कोण करणार?" भाऊ अकरावीत. मी तिला म्हटलं, "आमच्याकडे सध्या डबे मुलांचे वडील भरतात." ती माझ्याकडे बघतच राहिली आणि न बोलता गेली. मुलगी त्यानंतर तीन दिवस आली नाही, चौथ्या दिवशी आली. अखेर तोड निघाली ती अशी, की पावणेदहा ते पावणेअकरा लेझीम आणि नाटक सकाळी, गावातल्या मुलींचे नाच संध्याकाळी पूर्वीसारखेच. लेझमाला २९ मुली बाहेरगावच्या आल्या. हलगी वाजवायला तर एक बाहेरगावचीच मिळाली, आणि ती अशी वाजवायची की खेळाच्या बाई आपली नाराजी दोन दिवसांत विसरल्या.

सावित्रीबाई परत आल्या हे सांगायला नकोच. मी तिच्याजवळ सर्वांच्या देखत चूक कबूल केली. तिला ते फारसं आवडलं नाही असं दिसलं. ती जमिनीकडे बघत राहिली. मधल्या काळात ज्या गावातल्या मुलीला घेतलं होतं तिला काढणंही बरं दिसेना, म्हणून ती बदली म्हणून राहिली. तीच लाल खुणांची वही दोघींनी वापरली.

आता समारंभाचं. संध्याकाळी सहाला सुरू होऊन दहाला संपणार. म्हणजे पुन्हा तेच. मी समितीत दुपारच्या वेळेची सूचना मांडली तर एक सदस्य म्हणाले, "बाई, संमेलन आहे की मुंज?" सगळे हसले, मीसुद्धा हसले, कारण विनोद बरा होता. पाहुणे संध्याकाळचेच मोकळे, दिव्यांचं काम संध्याकाळचंच, वेळ बदलणार नाही असं ठरलं. बाहेरगावच्या मुलींसाठी एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घ्यावी म्हटलं तर वाड्या सहा दिशांना, एका गाडीत भागेना, आणि पैसे मंडपात गेलेले.

मग दोन गोष्टी झाल्या. शुक्रवारी, १७ तारखेला, दुपारी साडेबाराला फक्त आयांसाठी एक प्रयोग ठेवला. संक्रांतीचे दिवस होतेच, त्याला तिळगुळाची जोड दिली. हळदीकुंकू म्हटलं नाही. तिळगूळ म्हटलं आणि ज्या येतील त्या सगळ्यांना दिला, म्हणजे कुणाला दाराशी थांबायला नको. एस.टी.त २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे वाड्यावाड्यांवरून इतक्या बायका आल्या की सतरंज्या कमी पडल्या. दुसरं म्हणजे, शनिवारच्या रात्री बाहेरगावच्या मुलींना गावातल्या मैत्रिणींच्या घरी मुक्कामाला ठेवायचं. प्रत्येक पालकाला चिठ्ठी, त्यावर सही. ३६ चिठ्ठ्या गेल्या, २१ सह्या आल्या. माझ्याकडे तिघी राहिल्या. रात्री साडेबारापर्यंत गप्पा, आणि सासूबाई त्यांच्यात सामील! सावित्रीबाईंच्या चिठ्ठीवर सही आली नाही.

म्हणून शुक्रवारचा प्रयोग तिचा. सासूबाईंची जुनी काठाची नऊवारी, साबुदाण्याची खळ देऊन कडक केलेली, अंगात खणाची चोळी, कपाळावर आडवी चिरी. शेणगोळ्यांसाठी आम्ही भिजवलेल्या कागदाचे गोळे गेरूत बुडवले होते. (हा मूर्खपणा तुम्ही करू नका. गेरूचा डाग त्या नऊवारीतून अजून गेलेला नाही. नुसत्या ओल्या कागदाचे गोळे लांबून तसेच दिसतात.) सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकत, म्हणून त्या बरोबर दुसरं लुगडं ठेवत असं सांगतात. तो प्रसंग सुरू झाला आणि पहिला गोळा बसला मात्र, बायकांतून एक म्हातारी ताडकन उठली आणि गोळा मारणाऱ्या मुलीला म्हणाली, "अगं ए सटवे, लाज न्हाई वाटत?" सभागृहात हशा पिकला. स्टेजवरच्या सावित्रीबाई हसल्या नाहीत. हसू ओसरेपर्यंत थांबल्या, लुगड्यावरचा चिखल हातानं झटकला आणि पुढचं वाक्य बोलल्या, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं.

तिची आई आली होती, त्या दिवशीचा रोजगार बुडवून. प्रयोग संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "लई मोठा आवाज हाय की वो हिचा! घरात तर तोंडातनं शब्द काढत न्हाई." आणि साडेतीनची गाडी होती म्हणून लगेच निघाली.

शनिवारी संध्याकाळी दिवे, मंडप, पाहुणे, सगळं थाटात पार पडलं. दुसऱ्या मुलीनंही भूमिका चांगली केली, तिचं कौतुक कमी करायचं कारण नाही. वर्तमानपत्रात फोटो आला तो तिचा. कार्यक्रमपत्रिकेत मात्र मी हट्टानं दोघींची नावं एकाच ओळीत छापून घेतली होती. ती पत्रिका आमच्या सावित्रीबाईंनी दोन मागून घेतल्या.

सोमवारी किल्ल्या परत करायला म्हणून साडेनऊला गेले तर पायऱ्यांवर मुली नेहमीसारख्या बसलेल्या. मला पाहिल्यावर चारजणी उठून दाराशी आल्याच. दार उघडलं, मग शौचालयं उघडली. अकरा वाजता मोठ्या बाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "किल्ल्या असू द्या तुमच्याकडेच. या तासाचे पैसे काही मी देऊ शकणार नाही, एवढं लक्षात ठेवा." संध्याकाळी साडेसहाची एखादी गाडी त्या बाजूला सोडावी असा अर्ज आम्ही आगाराकडे दिला आहे, खाली पालकांच्या सह्या आहेत. शिक्का मारलेली पोच मिळाली, गाडी अजून मिळालेली नाही.

सकाळच्या त्या वेळात आता ग्रंथालयाचं एक कपाट उघडतो आणि नोंदवही मुलीच सांभाळतात. रमाबाईंच्या आठवणींचं पुस्तक पहिल्याच आठवड्यात बाहेर गेलं. कुणी नेलं ते तुम्ही ओळखलंच असेल. परत करायची तारीख केव्हाच उलटून गेली आहे, पण ते तिच्या आईला रोज रात्री थोडं थोडं वाचून दाखवते म्हणते, म्हणून मी अजून मागितलेलं नाही.